निवृत्तीआधीचे आठ महिने : संसदीय सचिवालयांना खुले पत्र

प्रति,
संसदा व विधिमंडळांचे सचिव, तसेच सचिवालयांतील प्रशिक्षण, ग्रंथालय आणि संशोधन शाखांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

अधिवेशन संपले की सचिवालयात दोन गोष्टी हमखास होतात. साचलेल्या रजा घेतल्या जातात आणि प्रशिक्षणाची परिपत्रके निघतात. दोन दिवसांची कार्यशाळा, उद्घाटन, पाहुण्यांची भाषणे, सामूहिक छायाचित्र, प्रमाणपत्र. पुढचे अधिवेशन सुरू होते आणि विधेयक शाखेतला तरुण कर्मचारी अडचण आली की पुन्हा त्याच ज्येष्ठ सहकाऱ्याच्या टेबलाकडे धावतो. त्या ज्येष्ठाच्या निवृत्तीला आठ महिने उरलेले असतात. कार्यशाळेत त्या टेबलावरचे ज्ञान कोणी कागदावर उतरवलेले नसते, आणि ज्याला ते उतरवता आले असते त्याला पाहुण्यांच्या स्वागताला उभे केलेले असते.

आमची मागणी एकच आहे. प्रशिक्षण, परिषदा आणि संशोधन सेवा यांवर होणाऱ्या प्रत्येक खर्चाच्या शेवटी शाखेच्या हाती एक वापरता येण्याजोगा कागद पडला पाहिजे. दाखल्यांची (म्हणजे सभागृहात आधी दिल्या गेलेल्या निर्णयांची) नोंद, तपासणी यादी, नमुना टिपण, काहीही चालेल. तसा कागद पडणार नसेल तर तो कार्यक्रम करू नये. ऐकायला हे कठोर वाटेल, पण ते कसे साधायचे हे तपशिलात सांगतो.

आधी दाखल्यांच्या नोंदवहीबद्दल. नियम छापलेले असतात. ते लावायचे कसे हे छापलेले नसते. थॉमस अर्स्किन मे १८३१ साली ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्समध्ये सहायक ग्रंथपाल म्हणून लागले, आणि १८४४ साली त्यांनी संसदीय पद्धतींवरचा ग्रंथ छापला. त्याची पंचविसावी आवृत्ती २०१९ साली निघाली आणि आता ती इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येते. राष्ट्रकुलातील संसदांच्या पटलावरच्या, म्हणजे सभागृहात अध्यक्षांसमोरच्या टेबलाशी बसून त्यांना नियमांचा सल्ला देणाऱ्या, अधिकाऱ्यांची संघटना १९३२ साली स्थापन झाली. तिचे ‘द टेबल’ हे नियतकालिक कुठल्या सभागृहात कोणता पेच पडला आणि तो कसा सुटला हे वर्षानुवर्षे नोंदवत आले आहे. दोन्ही कामे कर्मचाऱ्यांनी केली, बाहेरच्या तज्ज्ञांनी नव्हे. तुमच्याकडेही ती होऊ शकतात.

नोंद छोटी असावी: तारीख आणि बैठकीचा क्रमांक, काय घडले ते दोन ओळींत, कोणता नियम लागला, पीठासीन अधिकाऱ्यांनी काय निर्णय दिला, त्याचे कारण, आणि कार्यवाहीतले पान. सातवा रकाना कोरा ठेवावा, कारण तोच निर्णय पुढे कधी फिरवला गेला तर ती नोंद तिथे यायची आहे. बैठक संपल्यापासून चोवीस तासांत, पटलावर बसलेल्या कर्मचाऱ्यानेच ती लिहावी आणि वरिष्ठाने सही करावी. पंधरा मिनिटांचे काम आहे. अधिवेशन संपल्यावर एकदम लिहू म्हटले की निर्णय आठवतो, कारण आठवत नाही. आणि कारणाशिवाय दाखला म्हणजे नुसता किस्सा.

या वह्या बिघडतात त्याही ठरावीक तऱ्हेने. फाटे फुटलेले गाजलेले प्रसंग लिहिले जातात, पण नाकारलेल्या सूचना लिहिल्या जात नाहीत. खरे तर रोजच्या कामात विचारणा होते ती ‘अशी सूचना आधी नाकारली होती का?’ हीच. दुसरे असे की, सूची फक्त नियम क्रमांकावर बांधतात. मग नियमावली सुधारली, क्रमांक बदलले, की दहा वर्षांची सूची एका दिवसात निकामी होते. म्हणून विषयवार सूची सोबत हवीच. तिसरी गोष्ट नाजूक आहे. अध्यक्षांना खासगीत दिलेला सल्ला आणि सभागृहात जाहीर झालेला निर्णय एका वहीत घालू नका. पहिली वही कुलपात राहील, दुसरी सर्वांना खुली असेल. एकत्र केल्या तर दोन्ही कुलपात जातात.

आता वेळापत्रक. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची उत्तम वेळ म्हणजे सभागृह विसर्जित झाल्यापासून निवडणूक निकालापर्यंतचा काळ. नेमका हाच काळ कपाटे आवरण्यात जातो. निकाल लागला की पहिल्याच आठवड्यात नवे सदस्य दारात उभे असतात. प्रश्न कसा द्यायचा, दुरुस्ती कुठे नेऊन द्यायची, समितीत बोलावणे कसे येते, हे सगळे ते तुमच्याच लोकांना विचारतात. शिकवणाऱ्यांनी त्याआधी शिकून घेतलेले हवे. अधिवेशन चालू असताना वर्ग घेऊ नका. त्या काळात आठवड्याच्या शेवटी पाऊण तासाची आढावा बैठक पुरते, आणि तिथे विषय एकच असावा: या आठवड्यात कुठे अडखळलो?

व्याख्यानांऐवजी सराव बैठक घ्या. बारा ते सोळा जण, नव्वद मिनिटांचे सभागृह आणि नंतर साठ मिनिटांची चर्चा. एक जण अध्यक्ष, दोघे पटलावर, एक प्रतिवेदक (भाषणे शब्दशः उतरवून घेणारा), बाकीचे सदस्य. आयोजकाने सहा बंद पाकिटे तयार ठेवावीत आणि दर बारा-पंधरा मिनिटांनी एक पाकीट एखाद्या ‘सदस्या’च्या हाती द्यावे. मतदान पुकारायच्या क्षणी गणपूर्तीचा (किमान उपस्थितीचा) आक्षेप. समसमान मते. ऐनवेळी हाताने लिहून दिलेली, अनुसूचीतली दुरुस्ती. प्रस्ताव मागे घ्यायचा आहे, पण दुसऱ्या सदस्याची त्याला हरकत. मतदान यंत्र बंद पडले. आणि शेवटचे पाकीट अध्यक्षांच्या हाती: जाणूनबुजून चुकीचा निर्णय द्या.

हे सहावे पाकीट सर्वांत महत्त्वाचे. पटलावरच्या अधिकाऱ्याला मागे वळून अध्यक्षांच्या कानात बोलायला जेमतेम दहा सेकंद मिळतात. त्यात तीन गोष्टी बसवायच्या असतात: काय करायचे, कोणत्या नियमाने, आणि अध्यक्षांनी नेमके कोणते शब्द उच्चारायचे. बहुतेक जण नियमाचा इतिहास सांगायला लागतात आणि तिसरी गोष्ट राहून जाते. अध्यक्षांना निर्णय कळतो, वाक्य सुचत नाही, आणि सभागृह ती शांतता लगेच हेरते. हे घड्याळ लावून घोकण्याचे काम आहे, भाषणाने येत नाही.

विधेयक शाखेसाठी असाच एक कोरडा पण उपयोगी सराव आहे. चार उपखंडांचा एक खंड द्या आणि त्यावर सात दुरुस्त्या. दोन शब्दशः सारख्या. एक संपूर्ण खंडच रद्द करणारी. अनेक सभागृहांत अशी दुरुस्ती स्वीकारत नाहीत, कारण खंडाच्या विरोधात मत देऊन तेच साधते. एक विधेयकाच्या व्याप्तीबाहेरची. एक खर्च वाढवणारी, जिला अनेक देशांत सरकारची संमती लागते. आणि दोन परस्परविरोधी. चाळीस मिनिटांत क्रम लावा, आणि कोणती मंजूर झाली तर कोणती आपोआप गळते ते लिहा. क्रम बहुतेकांना जमतो. चूक होते ती अनुषंगिक बदलांत. दुसऱ्या खंडातली व्याख्या उडते आणि एकोणिसाव्या खंडात ती संज्ञा तशीच राहते. म्हणून तपासणी यादीत चार प्रश्न पक्के करा: व्याख्या, परस्पर संदर्भ, अनुसूची, अंमलबजावणीची तारीख.

प्रतिवेदकांबद्दल थोडक्यात. भाषणाचे आपोआप लेखन करणारी साधने आल्यापासून काम उतरवून घेण्याकडून तपासण्याकडे सरकले आहे, पण प्रशिक्षण अजून वेगाचेच चालते. यंत्र चुकते ते नावांत, आकड्यांत, कुजबुजीच्या मध्येच आलेल्या शेऱ्यांत, आणि सर्वांत वाईट म्हणजे नकारात. एक ‘नाही’ गळले की मंत्र्यांचे आश्वासन उलटे होते, आणि ते वाक्य वाचायला अगदी सुबक असते, त्यामुळे डोळा त्यावरून घसरतो. दुसऱ्या फेरीत मजकूर न वाचता फक्त आवाज ऐकून आकडे आणि नकार तपासायची सवय लावा. सदस्यांची, गावांची आणि योजनांची नावे असलेली शब्दसूची दर अधिवेशनाआधी नवी करा. ती ग्रंथालयाने द्यावी.

इथून संशोधन सेवेकडे येतो, कारण तिथे साधने भरपूर आहेत आणि ती वापरायची शिस्त तोकडी. विस्कॉन्सिनमध्ये १९०१ साली विधिमंडळासाठी संदर्भ ग्रंथालय सुरू झाले. अमेरिकेच्या काँग्रेससाठी १९१४ साली संदर्भ विभाग निघाला, आणि १९७० पासून तो काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस या नावाने चालतो. त्याची अहवालमाला २०१८ पासून सर्वांना खुली आहे. ब्रिटिश संसदेचे विज्ञान व तंत्रज्ञान कार्यालय १९८९ साली सुरू झाले. त्याची साधारण चार पानांची टिपणे आटोपशीरपणाचा वस्तुपाठ म्हणून वापरता येतील. इफ्ला ही ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि इंटर-पार्लमेंटरी युनियन ही संसदांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून २०१५ साली संसदीय संशोधन सेवांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नवी शाखा उभारणाऱ्याने सुरुवात तिथून करावी. युनियनचा ‘पार्लाइन’ हा माहितीकोश तर आहेच: कुठल्या देशाची संसद किती सभागृहांची, सदस्य किती, मुदत किती, हे त्यात मिळते. तरीही नेमके हेच प्रश्न इतर संसदांना ईमेलने विचारले जातात, याला काय म्हणावे?

मागणी स्वीकारतानाच निम्मे संशोधन होते. सदस्य म्हणतात, ‘रोजगारावरची सगळी माहिती द्या’, आणि त्यांना हवा असतो उपप्रश्नासाठी एक आकडा. म्हणून मागणीपत्रात पाच गोष्टी विचारल्याशिवाय काम सुरू करू नका: माहिती कशासाठी हवी (भाषण, समितीतला प्रश्न, दुरुस्ती की मुलाखत), कधीपर्यंत, किती पानांत, आधी काय पाहिले आहे, आणि गोपनीय ठेवायचे का. मुदती जाहीर करा. त्याच दिवशी हवे असेल तर एक पान. नेहमीचे टिपण पाच कामकाजाच्या दिवसांत, चार पानांपर्यंत. इतर देशांशी तुलना हवी असेल तर तीन ते चार आठवडे. ‘शक्य तितक्या लवकर’ हा शेरा मागणीपत्रावरून हद्दपार करा. सगळेच तो लिहितात, त्यामुळे खरी घाई कोणाची हे कळत नाही.

टिपणाच्या पहिल्या तीन ओळींत उत्तर आले पाहिजे. मग आधार, मग मर्यादा. लेखकाखेरीज दुसऱ्याने ते वाचल्याशिवाय बाहेर जाऊ नये, आणि त्या दुसऱ्याचे काम शुद्धलेखन तपासणे नाही. त्याने हातात पेन्सिल घेऊन विशेषणे आणि अव्यये अधोरेखित करावीत. ‘तब्बल २० टक्के’ आणि ‘अवघे २० टक्के’ यांत आकडा एकच आहे, पक्ष दोन आहेत. त्याने पायाभूत वर्षही तपासावे. मंदीचे वर्ष पायाला धरले तर कुठलीही वाढ डोळे दिपवते. आणि टक्के व टक्केबिंदू यांची गल्लत: दर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर वाढ दोन टक्केबिंदूंची असते, किंवा ५० टक्क्यांची, ‘दोन टक्क्यांची’ मात्र नसते.

सत्ताधारी आणि विरोधी सदस्यांनी एकाच आठवड्यात एकच प्रश्न विचारला, तर? दोघांना तेच तथ्य, तेच आकडे, आणि एकाची मागणी दुसऱ्याला कळता कामा नये. यासाठी शाखेत उत्तरांची नोंद विषयवार ठेवावी, मागणाऱ्याच्या नावाने नाही. नावे वेगळ्या यादीत, मोजक्या हातांत. तटस्थतेवरचे भाषण ऐकून तटस्थता येत नाही. फायली कशा लावल्या आहेत यावरून ती येते किंवा येत नाही.

तुलनात्मक टिपणांत तीन खड्डे नेहमीचे आहेत. पहिला, नावे सारखी पण अधिकार वेगळे. एका संसदेत विधेयक तत्त्वतः मंजूर झाल्यावर समितीकडे जाते, दुसरीकडे आधी समितीकडेच जाते; दोन्हीकडच्या समित्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांची संख्या शेजारी मांडली तर ती काहीच सांगत नाही. दुसरा, कायदा मंजूर झालेला असतो पण लागू झालेला नसतो. संकेतस्थळावर मजकूर सापडतो, अंमलबजावणीची अधिसूचना कोणी शोधत नाही. तिसरा, संघराज्यात तो विषय घटक राज्यांकडे असतो आणि टिपणात लिहिले जाते की ‘या देशात याबाबत कायदा नाही’.

युरोपातील संसदांनी १९७७ साली संशोधन व दस्तऐवज देवाणघेवाणीचे केंद्र उभारले. एक संसद प्रश्न पाठवते, बाकीच्या उत्तर देतात. इतर प्रदेशांतही अशी ओळखीपाळखीची जाळी चालतात. ती आटतात ती वाईट प्रश्नावल्यांमुळे. तुमच्या एका प्रश्नावलीवर वीस-तीस ठिकाणी कोणीतरी काही तास घालवणार असतो, याचे भान ठेवून लिहा. प्रश्न पाचाच्या आत. आधी सहा-सात ओळींची पार्श्वभूमी, मग मुख्य संज्ञांची व्याख्या. मुदत तीन आठवडे. हो-नाहीचे प्रश्न टाळा. ‘तुमच्याकडे सदस्यांसाठी आचारसंहिता आहे का?’ असे विचारले तर ‘आहे’ असे उत्तर येईल आणि हाती काही लागणार नाही. तक्रार कोण तपासतो, शिक्षा काय, निष्कर्ष कुठे प्रसिद्ध होतो, हे विचारा. पाठवण्याआधी स्वतःच्या संसदेची उत्तरे भरून पाहा. ज्या प्रश्नावर आपणच अडतो तो प्रश्न चुकलेला असतो. आणि संकलन झाले की ते सर्वांना परत पाठवा. हे इतक्यांदा राहते की पुढच्या वेळी उत्तरे का आली नाहीत, असे विचारायची सोय उरत नाही.

परिषदांना कोणाला पाठवायचे, हा प्रश्न आम्ही मुद्दाम उशिरा घेतला. संसदांच्या महासचिवांची संघटना वर्षातून दोनदा, युनियनच्या महासभेच्या वेळी भरते. तिथे सचिवच जाणार, ते योग्यच आहे. पण इफ्लाचा संसदीय ग्रंथालय व संशोधन विभाग दरवर्षी भेटतो तो संदर्भसेवेत काम करणाऱ्यांसाठी. तिथे ज्येष्ठतेने पाळी लावणे म्हणजे तिकिटाचे पैसे वाया घालवणे. ज्या टेबलाचा विषय, त्या टेबलावरचा माणूस गेला पाहिजे, आणि त्याच्या सेवेची निदान पाच वर्षे उरलेली हवीत. जाण्याआधी त्याने शाखेकडून तीन प्रश्न लिहून न्यावेत. परतल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत तासाभराची बैठक घ्यावी आणि तीन गोष्टी टेबलावर ठेवाव्यात: एक दस्तऐवज (दुसऱ्या संसदेचा नमुना अर्ज, यादी, काहीही), पुढच्या अधिवेशनात करून पाहायचा एक बदल, आणि अडचण आली तर विचारता येईल अशा एका समव्यवसायीचा संपर्क. ‘परिषद अतिशय उद्बोधक झाली’ या वाक्याने सुरू होणारा अहवाल परत पाठवा.

ऑनलाइन अभ्यासक्रम आता बरेच आहेत. राष्ट्रकुल संसदीय संघटनेची अकादमी आहे, युरोपीय संघाच्या मदतीने संसदांसाठी सुरू झालेला ‘इंटर पारेस’ प्रकल्प आहे. ते अर्धवट सुटतात याचे कारण आळस नाही. ‘वेळ मिळेल तेव्हा करा’ या आदेशात वेळ दिलेलाच नसतो. आठवड्यातले ठरलेले दोन तास, टेबलाचा फोन दुसऱ्याकडे, आणि एकाच शाखेतले दोघे सोबत. एवढे केले तरी फरक पडतो. दोघे असले की प्रत्येक पाठानंतर ‘आपल्याकडे हे कसे आहे?’ हा प्रश्न आपोआप निघतो, आणि बाहेरच्या अभ्यासक्रमाचा खरा उपयोग तोच.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायची की नाही यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. कर्मचारी ती वापरत आहेत, फक्त सांगत नाहीत. युनियनने २०२४ च्या डिसेंबरात संसदांसाठी याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती वाचा. शाखेपुरते दोन नियम आजच लावा. सभागृहात न मांडलेला मसुदा किंवा समितीची गोपनीय साक्ष बाहेरच्या साधनात टाकायची नाही. आणि यंत्राने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ दस्तऐवज उघडून पाहिल्याशिवाय टिपणात घ्यायचा नाही, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले निकाल आणि पाने अगदी आत्मविश्वासाने देतात. दस्तऐवजांच्या बाजूने पाहिले तर ‘अकोमा न्तोसो’ हे कायदेविषयक दस्तऐवजांचे खुले मानक २०१८ पासून ओएसिस या माहिती-तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे अधिकृत मानक आहे. विधेयके आणि कार्यवाही त्या साच्यात ठेवली तर दुरुस्त्यांचा मेळ आणि जुने दाखले शोधणे सोपे होते. पण साच्यात मजकूर भरणारे हात आधी शिकवावे लागतात. यंत्रणा घेताना खर्च सॉफ्टवेअरवर होतो आणि या हातांसाठी तरतूद उरत नाही.

प्रशिक्षण उपयोगी पडले का, हे शेवटच्या दिवशीच्या अभिप्राय-पत्रकावरून कळत नाही. त्यात जेवणाला चांगले गुण मिळतात. अधिवेशनानंतर मोजा: मांडणीच्या चुकीमुळे परत करावी लागलेली दुरुस्ती-पत्रे, इतिवृत्तात नंतर कराव्या लागलेल्या शुद्धी, सदस्यांनी ‘हे विचारले नव्हते’ म्हणून परत पाठवलेली टिपणे. दर शंभरामागे मोजा, कारण अधिवेशने लहानमोठी असतात. शिवाय हे आकडे शाखेचे म्हणून ठेवा, माणसाचे म्हणून नाही. एकदा का ते गोपनीय अहवालात शिरले की चुका नोंदवणेच बंद होईल.

पुढच्या दोन अधिवेशनांमधल्या मोकळ्या काळाचे प्रशिक्षण-वेळापत्रक तुमच्याकडे बहुधा तयार असेल. त्यातल्या प्रत्येक कार्यक्रमापुढे एक रकाना वाढवा, ‘शाखेच्या हाती पडणारा कागद’ असे शीर्षक द्या, आणि जे रकाने कोरे राहतील ते कार्यक्रम वगळून वाचलेले दिवस निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या सहकाऱ्यांकडून दाखले लिहून घेण्यासाठी द्या. रोज एक तास, समोर एक तरुण कर्मचारी आणि मधे उघडी नोंदवही. आठ महिन्यांत बरेच उतरते.

आपले,
संसदीय सचिवालयांच्या प्रशिक्षण आणि संदर्भसेवेत काम करणारे काही जण